क्लचकाका आणि भिंतींची शिकवणी

त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. गाडी शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी "सर" म्हणायचा, दुसऱ्या दिवशी "मास्तर", आणि आठवडाभरात, पाठ फिरली की, "क्लचकाका". तासाभराच्या शिकवणीत ते "क्लच! क्लच! अहो, क्लच दाबा!" एवढंच ओरडायचे, आणि असे ओरडायचे की शेजारून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरचाही पाय दचकून खाली जायचा.

ड्रायव्हिंग स्कूल होतं मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. मेहुणा ऑफिसात पंख्याखाली बसायचा आणि काका पिवळ्या गाडीत, शेजारच्या सीटवर. त्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला होता. शिकणाऱ्याने काहीही घोळ घातला तरी गाडी काकांच्या पायात. त्यांच्या हातून आजवर साधा आरसासुद्धा कुणाला घासला नव्हता, आणि हे ते दर नव्या माणसाला, विचारलं नसतानाही, सांगत.

पण रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "ओरडणं कमी करा, नाहीतर मी गोळी वाढवतो."

"ओरडू नको तर काय करू? ओवाळू त्यांना?" काका घरी येऊन बायकोवर ओरडले.

बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दिवसभर कण्हणारी माणसं बघून तिला नवऱ्याच्या आरडाओरड्याचं फारसं काही वाटत नसे. उपाय सांगितला तो मुलीने. ती वाचनालयात नोकरीला होती. म्हणाली, "बाबा, राग आला ना की हायकू करा. तीन ओळी. पाच अक्षरं, सात अक्षरं, पुन्हा पाच. बोटांवर मोजायची. मोजेपर्यंत राग ओसरतो."

"आणि नाही ओसरला तर?"

"तर निदान कविता तरी होते."

काकांनी तिला वेड्यात काढलं. पण त्याच रात्री स्वयंपाकघरातल्या नळाने त्यांचं डोकं उठवलं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या बोटं आपोआप हलायला लागली.

*नळ गळतो*
*प्लंबर म्हणे उद्या*
*नळ गळतो*

कविता झाली. नळ गळतच राहिला. पण ओरडावंसं वाटलं नाही, हे मात्र खरं. त्यानंतर गाडीत त्यांची बोटं गुडघ्यावर नाचू लागली. शिकणाऱ्यांना वाटायचं, काकांना कसलातरी हाताचा आजार जडलाय.

*लाल सिग्नल*
*शिकणाऱ्याचा पाय*
*रेसवरच*

असे दोनेक महिने बरे गेले. गोळी वाढली नाही. आणि मग एक्स-रेबाई आल्या.

बाईंनी सगळी नोकरी एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात, एक्स-रे काढण्यात घालवली होती. साठी उलटलेली, बारीक अंगाची, गुडघे कुरकुरणारी बाई. केस अगदी बारीक कापलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती आणि ती इमारतीखाली धूळ खात उभी होती. "मुलगा म्हणतो, रविवारी नेईन फिरायला. त्याचा रविवार काही उजाडत नाही. म्हटलं, आपणच शिकावं," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"कुठे फिरायचंय?" काकांनी सहज विचारलं.

"भिंती बघायच्यात."

काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

पहिला तास वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर ठीक झाला. बाईंचा हात स्थिर होता, समजही चांगली. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना मोठ्या रस्त्यावर घेतलं. टेलिफोन कचेरीच्या कोपऱ्यावर वळायचं होतं. बाईंनी इशारा दिला, वेग कमी केला, आणि भर वळणावर गाडी ठप्प उभी केली.

"काय झालं? बंद पडली?"

"नाही हो. ते बघा तरी!"

कचेरीची मागची भिंत पाच मजली, बिनखिडक्यांची. तिच्यावर कुणीतरी तेवढाच उंच बगळा रंगवला होता. एक पाय वर घेतलेला, दुसरा पाय बरोबर गटाराच्या झाकणाशी टेकलेला.

"बगळा आहे. पाहिला. आता क्लच दाबा!"

"एका पायावर उभाय. किती सुंदर!"

"बाई, आपण चार चाकांवर उभ्या आहात, रस्त्याच्या मधोमध!"

मागे हॉर्नचा गदारोळ उठला. एका टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून काकांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी गुडघ्यावर बोटं आपटली.

*गाडी थांबली*
*भिंतीवर बगळा*
*मागून शिव्या*

काकांचा शिकवण्याचा रस्ता ठरलेला होता. वसाहत, मैदानाला वळसा, चौक, दवाखान्याचा चढ, परत. वर्षानुवर्षं तोच. बाईंना तो मान्यच नव्हता. त्या कुठून कुठून ऐकून यायच्या. पोस्टमनकडून, दूधवाल्याकडून, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडून. गाडीत बसल्या बसल्या म्हणायच्या, "मास्तर, आज गोदामांच्या बोळात जाऊ या का? तिथे म्हणे मासा काढलाय."

"बोळात काय शिकणार तुम्ही?"

"रिव्हर्स. आत शिरलं की मागेच यावं लागतं म्हणे."

काकांनी तोंड वाकडं करत गाडी बोळाकडे वळवायला लावली. बोळ खरंच अरुंद होता आणि शेवटी बंद. त्या बंद भिंतीवर एक लठ्ठ मासा पसरला होता, गोदामाच्या पत्र्याच्या दाराइतका. त्याचे खवले म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या बाटल्यांची झाकणं सिमेंटमध्ये दाबून बसवलेली. बाई खाली उतरल्या आणि एकेका खवल्याला बोट लावत राहिल्या. काका गाडीत बसून घड्याळ बघत राहिले. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "भावजी, गाडी कुठेय? पुढचा माणूस ऑफिसात येऊन बसलाय."

"माशापाशी आहे," काका म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले.

परतताना बाईंनी विचारलं, "मास्तर, तुमची बोटं कसली हो हलतात सारखी? मज्जातंतूंचं काही आहे का? एक्स-रेमध्ये नाही दिसायचं ते."

काकांनी टाळाटाळ केली, पण बाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. शेवटी सांगावंच लागलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्या आनंदात तिसऱ्याऐवजी पहिला गिअर टाकला. गाडीने आचका दिला, काकांनी आपल्या बाजूचा क्लच दाबला आणि कपाळ पुसलं.

"मीही करते एक," बाई म्हणाल्या. "ऐका."

*गोदामाच्या भिंतीवर मासा*
*पाणी नाही*
*तरी मजेत*

"चुकलं," काका म्हणाले. "पहिल्या ओळीत दहा अक्षरं झाली. पाच पाहिजेत. दुसरीत सात पाहिजेत, तुमची चारच."

"असू दे की. माशाला काय फरक पडतो?"

"माशाला नाही पडत. हायकूला पडतो! इथे नियम आहे म्हणून तर मजा आहे. सिग्नल काय तुमच्या मनाने लागतो का?"

"समोर बघा मास्तर, कुत्रं आलं," बाई म्हणाल्या आणि शांतपणे ब्रेक लावला. काकांची बोटं पुन्हा गुडघ्यावर. राग घालवायला केलेल्या उपायानेच आता राग यायला लागला होता.

पुढचे आठवडे असेच. चढावर गाडी उचलायला शिकायचं, तर बाई दवाखान्याच्या चढाला तयार होईनात, पाण्याच्या टाकीचा चढच हवा. का, तर तिथल्या संरक्षक भिंतीवर कुणीतरी वेगवेगळ्या माणसांच्या नुसत्या पाठी रंगवल्या होत्या. पिशवी धरलेली पाठ, पोर घेतलेली पाठ, वाकलेली पाठ, सगळी माणसं चढ चढतायत. बाई बघायच्या आणि म्हणायच्या, "हिचा चौथा मणका गेलाय बघा. काढणाऱ्याने बरोबर ओळखलंय." आणि गाडी मागे घसरायची.

*हाफ क्लचला*
*थरथरते गाडी*
*आणि मीसुद्धा*

मेहुणा पेट्रोलवरून कुरकुरायचा. घरी बायको हसायची. "तुम्ही एवढी वर्षं गावभर गाडी फिरवताय, आणि बगळा तुम्हाला आत्ता दिसला?"

"मी खड्डे बघतो. फलक बघतो. समोरच्याचा डावा पाय बघतो. बगळे बघत बसलो असतो तर आज आपण सगळे दवाखान्यात असतो!"

"बरं बरं. हायकू करा," बायको म्हणायची.

परवान्याच्या परीक्षेचा दिवस आला. परीक्षा घेणारे तपासनीस साहेब बाईंच्या शेजारी बसले, काका मागे. साहेब कमी बोलणारे. काही विचारायचं असलं तर तोंडातलं पेन काढायचे, एरवी नाही.

*तपासनीस*
*पेनाचं बूड चावे*
*आम्ही घामात*

बाईंनी सगळं चोख केलं. वळणं, इशारे, दोन गाड्यांच्या मधे मागे घेऊन लावणं. काकांची छाती फुगायला लागली. शेवटचा सिग्नल राहिला होता, शीतगृहाच्या चौकातला. लाल लागला. बाई पांढऱ्या पट्ट्याच्या आत अगदी नेमक्या थांबल्या. हिरवा लागला. बाई हलल्या नाहीत.

शीतगृहाच्या लांबलचक भिंतीला परांचा लावला होता आणि दोन मुली आणि एक टकला माणूस, कमरेला दोर बांधून, एक प्रचंड घोडा रंगवत होते. घोडा बसलेला होता, पाय दुमडून. बाकी सगळा झाला होता, फक्त डोळा राहिला होता. टकला माणूस तिथे बादली अडकवत होता.

"चला," साहेब म्हणाले.

"एक मिनिट हं साहेब. डोळा सुरू करतायत."

मागून काकांनी दबक्या आवाजात "क्लच, क्लच" केलं. साहेबांनी तोंडातलं पेन काढलं. सिग्नल पुन्हा लाल झाला. तो परत हिरवा होऊन परत लाल झाला तेव्हा साहेबांनी कागदावर आडवी रेघ मारली, "नापास" एवढंच म्हणाले आणि दार उघडून उतरले.

आणि काका फुटले. पाच, सात, पाच काही आठवलं नाही. भर चौकात, मागच्या सीटवरून, आवाज चढवून म्हणाले, "तुम्हाला गाडी कशाला पाहिजे हो? तुम्हाला पाहिजे स्टूल! एक स्टूल घ्या, भिंतीसमोर ठेवा आणि बसा बघत! माझी महिन्याची मेहनत मातीत घातलीत!"

बाईंनी गाडी कडेला घेतली. नीट, इशारा देऊन. इंजिन बंद केलं.

"स्टुलावरच बसले होते मी आजवर," त्या म्हणाल्या. "तळघरात, अंधारात. हाडंच बघितली लोकांची. म्हणून तर गाडी घेतली, मास्तर."

त्या उतरल्या आणि बस थांब्याकडे चालू लागल्या. गुडघ्यांमुळे हळूहळू.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. त्या अख्ख्या आठवड्यात आल्या नाहीत. त्यांची सकाळची वेळ मोकळी पडली. मेहुणा म्हणाला, "बरं झालं, पेट्रोल वाचलं." काकांना त्याचा इतका संताप आला की ते किल्ली घेऊन बाहेर पडले. स्वतःशी म्हणाले, परीक्षेचा रस्ता एकदा बघून येऊ, नवे फलक लागले असतील. फलक कसले! गाडी सरळ शीतगृहाच्या चौकाकडे निघाली.

परांचा काढला होता. घोड्याचा डोळा पूर्ण झाला होता, गाडीएवढा मोठा, काळा, चकाकता. काकांनी वेग कमी केला. डोळ्यात समोरच्या चौकाचं प्रतिबिंब काढलं होतं. सिग्नल, पांढरा पट्टा, बस थांब्याचं छप्पर. आणि पट्ट्याच्या आत नेमकी थांबलेली एक चिमुकली पिवळी गाडी. टपावर "शिकाऊ"ची पाटी. स्टिअरिंगमागे बारीक केसांचं एक डोकं, मागच्या खिडकीत तोंड उघडलेला एक माणूस.

"अरे, हा तर मी!" काका मोठ्याने म्हणाले, आणि गाडी दिव्याच्या खांबावर जाऊन आदळली.

*खांब तिथेच*
*वर्षानुवर्षं होता*
*आज लागला*

कुणाला काही झालं नाही. गाडीचा पुढचा दिवा फुटला, बंपर वाकला. चौकातल्या पोलिसाने टपावरची पाटी वाचली आणि विचारलं, "शिकणारा कुठाय?"

"मीच," काका म्हणाले. दुसरं काय सांगणार?

मेहुण्याने ऐकवायचं ते ऐकवलं. बायको पोट धरून हसली, आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "जाऊन या त्यांच्याकडे. तुमच्याने राहवणार नाही. घरात नुसत्या येरझाऱ्या घालताय."

संध्याकाळी काका बाईंच्या घरी गेले. दार मुलाने उघडलं. कानाला फोन, दुसऱ्या हातात इस्त्रीचा शर्ट.

"आई? आई क्लासला गेलीये. ड्रायव्हिंगच्या. स्टेडियमजवळची ती दुसरी शाळा नाही का? तिथे लावलाय."

काकांना कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. आपण माफी मागायला आलोय हे ते विसरलेच. "त्या माणसाकडे? त्याला स्वतःला हाफ क्लच येत नाही!" असं मुलावर ओरडून ते तरातरा जिना उतरले.

स्टेडियमजवळ ती दुसऱ्या शाळेची पांढरी गाडी उभीच होती. आत शिकवणारा तरुण मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, आणि बाई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होत्या. काकांनी काच वाजवली.

"मास्तर? तुम्ही इथे?"

"हा शिकवतो का काही?"

"ओरडत नाही," बाई म्हणाल्या. "पण बघतही नाही. कालपासून स्टेडियमला फेऱ्या मारतेय. या भिंती नुसत्या राखाडी."

काका खिडकीत वाकून उभे राहिले. माफीचे शब्द त्यांनी बाईंच्या घराचा जिना चढताना जुळवले होते, त्यातला आता एकही सापडेना. "मी खांबाला गाडी ठोकली," ते म्हणाले. "घोड्याचा डोळा बघताना."

बाई वळून त्यांच्याकडे बघू लागल्या.

"त्या डोळ्यात आपण आहोत. तुम्ही, मी, गाडी. साहेब नाहीत, ते तोवर उतरले असावेत. बाई, मी त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं. माझं तोंड... माझा बीपी... जाऊ द्या. बीपीचा काय दोष? मीच."

"खांबाला?" बाईंनी विचारलं. "तुम्ही?"

"हसा. सगळे हसलेत."

बाई हसल्या नाहीत. पट्टा सोडून खाली उतरल्या आणि त्या तरुणाला म्हणाल्या, "येते हं बाळा." त्याने मान वर न करता अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुरुस्त केलेल्या दिव्यासह, पिवळी गाडी शीतगृहाच्या चौकाकडे निघाली. काका लहान मुलासारखे अधीर झाले होते. "आता येईल. आता डावीकडे. बघा, वर बघा! दिसला डोळा? बाई, बघा ना!"

"मास्तर, सिग्नल हिरवा आहे," बाई म्हणाल्या आणि दुसरा गिअर टाकून चौक ओलांडून गेल्या.

"अहो, थांबा! आपण आहोत तिथे!"

"थांबता येत नाही इथे. पुढे जागा बघून लावते, मग चालत येऊ."

काकांनी डोकं धरलं. शिकवलेलं सगळं नेमकं आजच लक्षात राहायचं होतं! गाडी लावून, चालत मागे येऊन, दोघं त्या डोळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. बाईंनी स्वतःचं डोकं शोधून काढलं. मग म्हणाल्या, "तुमचं तोंड फारच उघडं काढलंय."

"तेवढंच उघडं होतं," काका म्हणाले.

दुसऱ्या परीक्षेत बाई पास झाल्या. साहेबांनी पेन तोंडातून काढलंच नाही, नुसती मान हलवली. बाईंनी ऑफिसात येऊन काकांचे आभार मानले, मेहुण्याचेही मानले, आणि काकांना वाटलं, सुटलो.

कुठले सुटतायत! फोन सुरू झाले. "मास्तर, मी धोबीघाटामागे आहे, इथे पतंग काढलाय, पण गाडी चालू होत नाही." "मास्तर, पुलाखाली एक मांजर सापडलंय, भिंतीतलं, पण मी वन-वेमध्ये शिरलेय वाटतं." आणि एका रविवारी, काका नुकते पेपर घेऊन बसले असताना, "मास्तर, दोरखंडांच्या कारखान्यामागच्या बोळात आहे. दोन्हीकडे भिंती. आरसे टेकलेत. पण काय काढलंय म्हणून सांगू!"

"हलू नका! रेस देऊ नका! काही करू नका!" काका ओरडले. बायकोने चपला घातल्याच होत्या. "मीही येते. बघू तरी द्या मला एकदा हे सगळं."

स्कूटरवरून दोघं पोचली. बोळ इतका अरुंद की बाईंना दार उघडेना, त्या मागच्या दारातून, डिकीतून, कशातरी बाहेर आल्या होत्या आणि भिंतीला टेकून उभ्या होत्या. बोळाच्या दोन्ही भिंतींवर, जमिनीपासून वरपर्यंत, कुणीतरी खिडक्या रंगवल्या होत्या. शेकडो खिडक्या, एकही खरी नाही. प्रत्येकीत कुणीतरी काहीतरी करतंय. कुणी बटण लावतंय, कुणी भांडतंय, एक म्हातारी कानात थेंब घालतेय.

काकांची बायको तिथेच थबकली. बाई तिला एकेक खिडकी दाखवू लागल्या. दोघींची ओळख कुणी करून दिली नाही, त्यांना गरजही वाटली नाही.

"आधी गाडी!" काका म्हणाले. "नंतर खिडक्या!"

ते डिकीतून आत शिरले, पाठ मोडून, गुडघे छातीशी घेऊन पुढच्या सीटवर पोचले. मागे दोघी जणी हात हलवत उभ्या राहिल्या.

*मागे घ्या, मागे*
*ती म्हणे डावीकडे*
*ही म्हणे थांबा*

"अहो, एकीने कुणीतरी सांगा!" काका आतून ओरडले. दोघींनी ऐकलं नाही. त्या भिंतीवर रंगवलेल्या, भांडणाऱ्या नवरा-बायकोच्या खिडकीपाशी वाकल्या होत्या आणि काहीतरी बोलून हसत होत्या. काकांनी आरशात बघितलं, हळूच क्लच सोडला आणि एकट्यानेच गाडी इंच इंच मागे घ्यायला सुरुवात केली.